संध्याकाळी पूर्वेला बघा



बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. मधे उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे महिनाभर कॉम्प्युटरला हात लावायची परवानगी नव्हती. (परवानगी डॉक्टरांची नाही, सौ.ची!) परवा पुतण्या म्हणाला, "काका, रोज संध्याकाळच्या आकाशाचे फोटो पाठवताय, पण त्यावर लिहीत का नाही?" म्हटलं, चला, आज तेच लिहू. पण आधीच सांगतो, चांगले फोटो कसे काढावेत यावरचा हा लेख नाही. थोडी तक्रार आहे आणि थोडा कबुलीजबाब. तक्रार फोनच्या कॅमेऱ्याबद्दल आहे आणि कबुलीजबाब माझ्याबद्दल. लिहिता लिहिता लक्षात आलं की दोन्ही एकच आहेत.

२०२० सालच्या टाळेबंदीत आम्ही दोघं संध्याकाळी गच्चीवर बसायला लागलो. तोपर्यंत एकाच घरात इतकी वर्षं राहून गच्ची म्हणजे पापड, वाळवणं आणि पाण्याची टाकी, एवढाच संबंध. साताऱ्यात आमच्या गच्चीवरून पश्चिमेला यवतेश्वरचा डोंगर दिसतो, दक्षिणेला अजिंक्यतारा आणि पूर्वेला लांबवर जरंडेश्वर. खुर्च्या अर्थातच पश्चिमेकडे तोंड करून मांडलेल्या. सूर्यास्त बघायचा तर पश्चिमेलाच बघणार ना?

त्या वर्षीच्या डिसेंबरातली गोष्ट. सूर्य यवतेश्वराआड जाऊन बराच वेळ झाला होता. मी खुर्ची उचलायच्या तयारीत. सौ. दोरीवरचे कपडे काढायला मागे वळली आणि तिथूनच ओरडली, "अहो, इकडे बघा! जरंडेश्वरावर कसला रंग आलाय. अगदी अबोली."

मी वळून बघितलं. पूर्वेला क्षितिजालगत एक गडद पट्टा होता, आणि त्याच्यावर आडवा, डोंगराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेला गुलाबी पट्टा. ढग एकही नाही. दहाएक मिनिटांत तो गुलाबी पट्टा वर सरकला, फिकट झाला आणि विरून गेला.

मंडळी, मी एकोणसत्तर वर्षांचा होतो तेव्हा. छत्तीस वर्षं शाळेत मराठी आणि भूगोल शिकवला. पृथ्वीचं परिवलन, संधिप्रकाश, वातावरणाचे थर, सगळं फळ्यावर आकृत्या काढून शिकवलं. आणि पूर्वेला रोज संध्याकाळी असा पट्टा दिसतो हे मला ठाऊक नव्हतं. म्हणजे ठाऊक नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही. मला ते एका मुलाने सांगितलं होतं.

१९८७ किंवा ८८ साल असेल. तेव्हा मी कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात होतो. सातवीच्या वर्गाला 'संध्याकाळचे आकाश' असं चित्र काढून रंगवायला दिलं होतं. सगळ्यांनी काढलं ते ठरलेलंच. दोन डोंगर, मध्ये अर्धा सूर्य, नारिंगी किरणं, चार पक्षी. एका मुलाने मात्र पान आडवं धरून सगळं आकाशच काढलं होतं. डाव्या हाताला सूर्य बुडतोय, आणि उजव्या हाताला, म्हणजे पूर्वेला, डोंगरावर गुलाबी पट्टा. त्याच्या खाली निळा.

मी लाल शाईने शेरा मारला, 'सूर्य पश्चिमेला मावळतो. पूर्वेला रंग नसतो.' दहापैकी तीन मार्क. पोरगं वही घेऊन टेबलाशी आलं. म्हणालं, "असतोय की गुरुजी. म्या रोज बघतोय, म्हशी घिऊन येताना."

मी म्हटलं, "पुस्तकात दाखव."

वर्ग हसला. ते पोरगं जागेवर जाऊन बसलं. पुढे वर्षभर त्याने माझ्या तासाला चित्र काढलं ते इतरांसारखंच. दोन डोंगर, अर्धा सूर्य. मी त्याला सात-आठ मार्क देत गेलो आणि मनात म्हणत गेलो, बघा, सुधारला.

त्या डिसेंबरच्या संध्याकाळी गच्चीवर हे सगळं आठवलं आणि खरं सांगतो, जेवण गेलं नाही.

आता हा पट्टा आहे तरी काय? खालचा गडद पट्टा म्हणजे दुसरं तिसरं काही नसून आपल्या पृथ्वीची सावली. सूर्य क्षितिजाखाली गेला की पृथ्वीची सावली समोरच्या, म्हणजे पूर्वेच्या हवेवर पडते आणि सूर्य जसजसा खाली जाईल तसतशी वर चढते. ग्रहण लागल्यावर चंद्रावर पडते ना, तीच ही सावली. ती बघायला ग्रहणाची वाट बघावी लागत नाही, रोज दिसते. तिच्या वरच्या हवेला अजून सूर्याचा प्रकाश मिळत असतो. पण तो प्रकाश वातावरणातून इतका लांबचा प्रवास करून आलेला असतो की त्यातला निळा वाटेतच विखुरला जातो आणि उरतो तो तांबूस. तो पूर्वेकडच्या हवेवर पडून आपल्याकडे परत येतो. इंग्रजीत त्याला 'बेल्ट ऑफ व्हीनस' म्हणतात. शुक्राच्या ग्रहाशी त्याचा काही संबंध नाही, व्हीनस देवीच्या कमरपट्ट्यावरून ते नाव पडलं. सौ.ने मात्र पहिल्याच दिवशी त्याला 'काठ' म्हटलं, आणि आमच्या घरात तेच नाव रूढ झालं. "आज काठ चांगला आलाय" किंवा "आज काठ विटका आहे."

आमच्याकडे पश्चिमेला डोंगर असल्यामुळे एक गंमत होते. सूर्य डोंगराआड जातो तेव्हा तो खरं म्हणजे मावळलेला नसतो, त्यामुळे काठ यायला आणखी काही मिनिटं थांबावं लागतं. तोपर्यंत बहुतेक लोक 'संपलं' म्हणून खाली उतरलेले असतात. त्यातून आपल्याकडे दिवेलागणीच्या वेळी घरात असावं, देवापाशी दिवा लावावा ही रीत. ती चांगलीच आहे, पण त्यामुळे पूर्वेकडे बघणारं असं कोणी उरलं नाही. गुराख्यांशिवाय!

तर दुसऱ्या दिवशी मी फोन घेऊन सज्ज. काठ आला, फोटो काढला, आणि बघतो तर फोटोत काठच नाही! गुलाबीच्या जागी मळकट पांढरं काहीतरी. खालची निळी सावलीही पुसट. उलट पश्चिमेकडचा फोटो काढला तर त्यात नसलेला शेंदरी भडका. डोंगर खरं तर काळे पडले होते, पण फोटोत त्यावरची झाडंसुद्धा मोजता यावीत इतका उजेड.

नातवाला विचारलं. (लेक आणि जावई लंडनजवळ असतात.) तो म्हणाला, "आजोबा, फोन फोटो करेक्ट करतो. ऑटोमॅटिक असतं ते." मग त्याने आणि त्याच्या आईने मिळून मला व्हिडिओ कॉलवर शिकवलं. पांढरी वस्तू पांढरी दिसावी म्हणून कॅमेरा आपणहून रंगांचा तोल सांभाळतो. खोलीतल्या पिवळ्या दिव्याखाली ते बरंच असतं. पण संध्याकाळी सगळं आकाशच गुलाबी असलं तर कॅमेऱ्याला वाटतं की ही चूक आहे, आणि तो ती दुरुस्त करतो. शिवाय हा सूर्यास्त आहे असं त्याला एकदा 'ओळखू' आलं की सूर्यास्त कसा असावा हे त्याला आधीच ठाऊक असतं. मग तो तसा करून देतो.

हे ऐकलं आणि मी गप्पच झालो. समोर काय आहे ते न बघता, ते कसं असायला हवं हे आधीच ठाऊक असलेला, आणि लाल शाई घेऊन बसलेला एक जण मला चांगलाच माहीत होता.

म्हणून माझी तक्रार फोनमध्ये तंत्र आहे याबद्दल नाही. उपकरण काय, आपण सांगू तसं ऐकतं. तक्रार अशी आहे की दुरुस्ती आधी होते आणि बघणं नंतर, किंवा होतच नाही. आपण फोन वर धरतो, पडद्यावर बघतो, 'मस्त आला' म्हणतो आणि पुढे पाठवतो. मला रोज सकाळ-संध्याकाळ किती सूर्यास्त येतात! गोव्याचा, कोकणातला, अमेरिकेतला. सगळे एकाच कारखान्यातून निघाल्यासारखे शेंदरी. सातवीच्या त्या वर्गातली चित्रं जशी एकसारखी होती तशीच ही. कोणी म्हणेल, "काय बिघडलं? छान दिसतं ना?" बिघडतं हे की उद्या खऱ्या आकाशात फिकट अबोली दिसली, तर आपल्याला ती कमी वाटते. फोटोइतकं आकाश चांगलं नाही असं वाटायला लागतं. आणि मग कोणी पोर म्हणालं की पूर्वेलाही रंग असतो, तर त्याला आपण म्हणणार, "फोटोत दाखव."

बरं, आता दुसरा कबुलीजबाब. सौ.चे दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू माझ्या आधी निघाले. त्यानंतर आमचे गच्चीवर वाद सुरू झाले. ती म्हणायची, सावलीचा पट्टा स्वच्छ निळा आहे, चिंतामणी रंगाकडे झुकणारा. मी म्हणायचो, छे, राखाडी आहे. ती म्हणायची, डोक्यावरचं आकाश जांभूळसर आहे. मी म्हणायचो, तुला काहीतरी भास होतो. दोन वर्षं मी तिला दुरुस्त करत होतो! यंदा माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, काही दिवसांनी जिना चढायला परवानगी मिळाली. वर गेलो आणि एकेक डोळा मिटून बघितलं. डाव्या डोळ्याने सगळं जुन्या पोस्टकार्डासारखं पिवळट. उजव्याने बघितलं तर चिंतामणी. वयाप्रमाणे डोळ्यातलं भिंग पिवळं होत जातं आणि निळा-जांभळा प्रकाश आत यायचा कमी होतो. हळूहळू होतं म्हणून आपल्याला कळत नाही. आपण समजतो जगच मळलंय.

म्हणजे 'खरा रंग' कुठला, असा प्रश्न कोणीही विचारील. फोनचा खोटा, तसा माझ्या डाव्या डोळ्याचाही खोटा? मी यावर पुष्कळ विचार केला. मला वाटतं, खरा रंग एकच असा पकडून दाखवता येणार नाही. पण प्रामाणिक नोंद करता येते. काय दिसलं, कुणाला, कधी, कुठून आणि कशातून, एवढं सांगितलं की पुरे.

याचं मला फार आवडलेलं उदाहरण लंडनचंच आहे. ऑगस्ट १८८३ मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. त्यातले बारीक कण आणि वायू फार उंच गेले आणि पुढचे कित्येक महिने जगभर संध्याकाळचं आकाश पेटल्यासारखं दिसत होतं. आपल्याकडे मद्रास भागात त्या सप्टेंबरात सूर्य हिरवट दिसला. अमेरिकेत पकीप्सी आणि न्यू हेवन इथे तर मोठी आग लागली असं समजून बंब धावले! त्या वेळी लंडनमध्ये विल्यम अॅस्क्रॉफ्ट नावाचा एक चित्रकार थेम्स नदीकाठी चेल्सी भागात बसून रंगीत खडूंनी झरझर आकाश काढत असे. रंग सरकायचा तसा पुढचा कागद घ्यायचा. अशी त्याने पाचशेहून जास्त चित्रं काढली. रॉयल सोसायटीने १८८८ मध्ये क्राकाटोआचा मोठा अहवाल प्रसिद्ध केला, त्याच्या सुरुवातीला त्याची चित्रं छापली आहेत. त्या वेळी रंगीत फोटो सहज काढता येत नव्हते. विचार करा, 'लंडनच्या आकाशात असे रंग नसतात' असं म्हणून कोणी त्याच्या हातातले खडू काढून घेतले असते तर?

शास्त्रज्ञांनाही असं पुन्हा बघावं लागलेलं आहे. आकाश निळं का, याचं उत्तर मी हजार वेळा सांगितलं असेल. हवेतल्या रेणूंमुळे निळ्या प्रकाशाचं विकिरण जास्त होतं. दिवसा ते बरोबरच आहे. पण सूर्य मावळल्यावरसुद्धा डोक्यावरचं आकाश गडद निळं राहतं, ते नुसत्या विकिरणाच्या हिशेबात बसत नाही. त्या हिशेबाने ते पिवळट करडं दिसायला हवं. १९५३ मध्ये हलबर्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवलं की संधिप्रकाशातला तो निळा रंग मुख्यतः ओझोनमुळे आहे, कारण ओझोन नारिंगी-तांबडा प्रकाश शोषून घेतो. सूर्य मावळताना रोज डोक्यावर निळं आकाश होतंच, पण 'आपल्या हिशेबात हे का बसत नाही?' असं कुणाला तरी विचारावं लागलं.

आणखी एक चूक मी वर्षानुवर्षं शिकवली. धूळ आणि धूर जास्त तेवढा सूर्यास्त रंगीत. अर्धवट खरं आहे ते. ज्वालामुखीचे सूक्ष्म थेंब वीस-पंचवीस किलोमीटर उंचीवर असतात, त्यांची गोष्ट वेगळी. आपल्या डोक्यावरची धूळ आणि धूर रंग खुलवत नाहीत, विटवतात. आमच्या भागात उसाचं पाचट पेटवतात त्या दिवसांत वर जाऊन बघा. सूर्याचा लाल गोळा दिसतो खरा, पण डोंगराला टेकायच्या आधीच धुरात विरून जातो आणि पूर्वेला काठ येतच नाही. तेच सप्टेंबर-ऑक्टोबरात, परतीचा पाऊस पडून हवा धुऊन निघाली की बघा. उंचावरच्या ढगांना खालून उजेड लागतो आणि डाळिंबी, गुलबक्षी, अंजिरी, काय म्हणाल ते रंग येतात. काठ सगळ्यात सुबक येतो तो डिसेंबर-जानेवारीत, ढग नसलेल्या संध्याकाळी.

रंगांची ही नावं सौ.ची. ती साड्यांच्या दुकानातून आली आहेत, पुस्तकातून नव्हे. आमसुली, पारवा, मोतिया, शेवाळी, मोरपंखी... माझ्याकडे बी.ए. मराठीची पदवी असून मी वहीत 'लालसर', 'निळसर' असंच लिहीत होतो. आता आमची पद्धत ठरली आहे. आधी पाच मिनिटं फोन खिशात. दोघांनी बघायचं, तिने रंगाचं नाव सांगायचं, मी वहीत तारीख-वेळेसह लिहायचं. मग फोटो. रोज कठड्याच्या त्याच कोपऱ्यावरून, कठड्यावर फोन टेकवून, म्हणजे हलत नाही. कॅमेऱ्यात रंगांचा तोल 'ऑटोमॅटिक' न ठेवता उन्हाच्या चिन्हावर पक्का करायचा, रात्रीचा मोड बंद, आणि उजेड थोडा कमी करायचा. असा फोटो दिसायला साधा येतो. ग्रुपवर त्याला फारसे अंगठे मिळत नाहीत. पण वहीतला शब्द आणि फोटोतला रंग यांची ओळख पटते.

आपल्याकडे यासाठी वेळ थोडा मिळतो, हेही सांगायला हवं. साताऱ्यात सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, त्यामुळे मावळल्यापासून तो सहा अंश खाली जाईपर्यंत साधारण बावीस-चोवीस मिनिटं, की संपलं. लेकीकडे जूनमध्ये तेवढ्यालाच पाऊण तास लागतो, आणि त्या दिवसांत तिथे रात्रभर पुरता अंधार होतच नाही. नातू म्हणतो, "आजोबा, आमच्याकडे या, भरपूर वेळ मिळेल." जाऊही. पण मला इथली घाई बरी वाटते. चहा ठेवून गेलो तर काठ चुकतो.

त्या मुलाची मी चौकशी केली. गावातल्या एका माजी विद्यार्थ्याला फोन केला. तो मुंबईला गेला, पुढचं गावात कुणाला ठाऊक नाही, एवढंच कळलं. आज तो पन्नाशीत असेल. माझा शेरा त्याला आठवत असेल का, कोण जाणे. कदाचित विसरलाही असेल. मुलं पुष्कळ विसरतात, तेवढंच आम्हा मास्तर लोकांचं नशीब. पण तो शेरा मला आठवतो आणि आता तो खोडायचीही सोय नाही, कारण वही त्याच्याकडे गेली.

म्हणून निदान तुम्हाला सांगतो. घरात नातवंडं असतील तर एखाद्या निरभ्र संध्याकाळी त्यांना गच्चीवर न्या. सूर्य गेला की सगळे खाली निघतील, तेव्हा त्यांना थांबवा आणि पूर्वेकडे तोंड करून उभं करा. काय दिसतं ते त्यांना आधी विचारा. आपण काही सांगू नका. आणि त्यांनी भलताच रंग सांगितला, तरी लगेच दुरुस्त करू नका.

तुमच्या गच्चीवरून काय दिसलं तेही कळवा. रंगाचं नाव मात्र तुमच्या घरातलं हवं.

असो. साडेपाच वाजून गेले. सौ. वरून हाका मारते आहे.